आम्ही गप्प राहिलो आणि पाणी गेले

रस्ता रुंद होऊ लागला की कापलेली झाडे आणि पाडलेल्या टपऱ्या सगळ्यांना दिसतात. जमिनीखाली काय चालले आहे, ते मात्र नळ कोरडा पडल्याशिवाय कळत नाही.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात माणगावच्या बाजूला आम्ही चौघे मजुरीला होतो. रस्त्याच्या कडेला पाण्याची लाईन, विजेची केबल, टेलिफोनची केबल असे बरेच काही पुरलेले असते. प्रत्येकाचे खाते वेगळे, नकाशा वेगळा. रुंदीकरणात हे सारे बाजूला हलवावे लागते. साईटवर त्याला 'युटिलिटी शिफ्टिंग' म्हणतात. त्याआधी कुदळ-फावड्याने आडवा चर खणून लाईन नेमकी कुठे आहे ते पाहायचे, हे आमचे काम. वाळू आणि वर विटांची रांग लागली की हात थांबवायचा. खाली विजेची केबल असते.

आमच्या वस्तीची पाण्याची लाईन नकाशात रस्त्यापासून लांब दाखवली होती. ती मोरीपाशी वळून रस्त्याकडे येते, हे आम्हाला ठाऊक होते. तिचा चर आमच्या वडिलांनीच खणला होता. आम्ही लहानपणी त्यांना भाकरी पोचवायचो. पण साहेबांच्या हाती नकाशा होता, आमच्या हाती कुदळ. मुकादम म्हणाला, "आज चर नको, सरळ मशीन लावा." आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि गप्प राहिलो. अर्ध्या तासात पाणी उसळले.

पाच दिवस वस्तीला पाणी नव्हते. आमच्या घरच्या बायका लांबच्या विहिरीवरून हंडे वाहत होत्या. दहावीची परीक्षा देणारी एक मुलगी पहाटे दोन खेपा करून पेपरला गेली. आमच्यातल्या एकाच्या आईने विचारले, "तुम्ही तिथंच होता ना रे?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

पुढच्या टप्प्यात आम्ही इंजिनियरसाहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले. पाणी सोडणाऱ्या म्हाताऱ्या काकांना बोलावून जागा दाखवायला सांगितले. अर्धा दिवस खणल्यावर लाईन सापडली, नकाशापासून तीन हात दूर. आधी नवी लाईन टाकून तपासली, रात्री जोडली, मगच जुनी तोडली. सकाळी नळाला पाणी होते.

खणण्याआधी लाईनवाल्यांना कळवता यावे म्हणून सरकारने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे मोबाईल ॲप सुरू केले. चांगलेच झाले. पण जे वळण कधी कागदावर आलेच नाही, ते ॲप तरी कोठून दाखवणार?

म्हणून बंधू-भगिनींनो, वस्तीजवळ रस्त्याचे काम निघाले तर लाईन कुठून जाते ते जाणत्या माणसांना विचारून ठेवा. ग्रामपंचायतीकडून लेखी कळवा, जागेवर जाऊन हाताने दाखवा. आणि मजूर म्हणून तिथे आपणच उभे असलो, तर मशीन सुरू होण्याआधी बोला. आम्ही बोललो नाही, त्याचे हंडे आमच्या घरच्यांनी वाहिले.