थैला भरताना

लहान मुलांना रानात न्यायचं असलं की आदल्या संध्याकाळी मी थैला भरायला बसते. एकेक वस्तू हातात घेते आणि मनाशी विचारते, ही सोबत असली तर उद्या माझ्या तोंडचा एक तरी ‘नको’ कमी होईल का? होत असेल तर ती आत जाते. ‘नको’ वाढवणारी वस्तू कितीही छान असली तरी घरी राहते. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचात चार ते सात वर्षांच्या मुलांबरोबर काम करताना याहून उपयोगी कसोटी मला सापडलेली नाही.

चिखलात जाऊ नको, ओला होऊ नको, तिथं बसू नको. या वाक्यांमागे बहुतेक वेळा रानातला धोका नसतोच, थैल्यातली उणीव असते. बदलायला चड्डी आणलेली नाही म्हणून मुलानं नाल्यात पाय घालायचा नाही. म्हणून सगळ्यात आधी कोरडे कपडे जातात. प्रत्येकाच्या घरून जोड मागवायचा म्हटलं तर कुणाकडून येतो, कुणाकडून येत नाही, आणि ज्याचा येत नाही त्यालाच काठावर उभं राहावं लागतं. त्यापेक्षा कुणालाही होतील अशा ढगळ चड्ड्या आणि सदरे मी घराघरांतून मागून ठेवले आहेत. सोबत एक पंचा, आणि ओले कपडे भरायला तांदळाची रिकामी पिशवी. एवढ्यावर नाला मोकळा होतो.

पाण्याच्या बाबतीत ढिलाई चालत नाही. इथं उन्हाळ्यात पारा ४५च्या वर चढतो, त्यामुळे लांबच्या फेऱ्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर गेलोच तर सकाळी जाऊन ऊन चढायच्या आत परत, आणि तेही मोहाच्या झाडांपासून दूर, कारण फुलं गळायला लागली की भल्या पहाटे तिथं अस्वल येतं. दोन तासांच्या फेरीला मुलामागे अर्धा लिटर पाणी, शिवाय पाच लिटरचा कॅन मोठ्यांकडे. लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, अशा पुड्या मी घरूनच मोजून बांधते. रानात, रडणारं मूल मांडीवर असताना मीठ अंदाजानं पडतं, आणि जास्तीचं मीठ लहान जिवाला घातक असतं. आमच्या मदतनीस अक्कांनी मला एक गोष्ट शिकवली. ‘तहान लागली का, असं पोरांना विचारू नका, मॅडम,’ त्या म्हणाल्या, ‘खेळात असली की नाहीच म्हणतात. आपण त्यांच्यापुढं प्यायचं.’ तेव्हापासून दर थांब्यावर आम्ही दोघी आधी पितो.

खाण्याचा प्रश्न सिरोंचाच्या तेलुगू घरांनी कधीच सोडवून ठेवला आहे. पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात. चिंच आणि तेल यांमुळे तो दुपारपर्यंत आंबत नाही, हातानं खाता येतो, सांडला तर मुंग्या नेतात. पळसाच्या पानावर वाढला की उचलायला कचराही राहत नाही.

आता माझ्या थैल्यातली सगळ्यात लाडकी वस्तू, जुनी पांढरी सुती चादर. झुडपाखाली ती पसरायची, फांदी दोनदा हळूच हलवायची आणि सगळ्यांनी पोटावर पालथं पडायचं. पानांत असताना कुणालाच न दिसलेले जीव पांढऱ्यावर एकदम उघडे पडतात: काडीसारखी अळी, तिरपा चालणारा कोळी, करंगळीचं नख म्हणावं एवढा भुंगा. चार वर्षांच्या मुलाला झाडावरचा किडा दाखवायचा तर त्याला उचलून घ्यावं लागतं, नीट दिसेपर्यंत किडा उडून जातो. चादरीवर रान त्याच्या डोळ्यांच्या पातळीला येतं. भिंगं मी स्वस्तातली, प्लॅस्टिकची घेते. हरवली तरी कुणाला बोलणी बसत नाहीत, आणि भिंगातून दिसतंय म्हटल्यावर मूल किड्याचा पाय ओढायला जात नाही. पाहून झालं की चादर त्याच झुडपाखाली झटकायची. पुढे तीच बसायला, तीच दोन झाडांना बांधून सावलीला, आणि वेळ आलीच तर मुलाला उचलून न्यायलाही. फक्त फांदी निवडण्याआधी वर पाहायचं. पानं शिवून केलेलं लाल मुंग्यांचं घरटं असेल तर ते झाड सोडायचं.

सुतळीचे दोन तुकडे मात्र फक्त सिरोंचाच्या थैल्यात शोभतात. एक १.७ मीटरचा, दुसरा १४ मीटरचा. वडधमच्या जीवाश्म उद्यानात दगड झालेले वृक्ष जमिनीवर पडलेले आहेत. कोटा या आपल्या नदीकाठच्या गावावरून इथल्या खडकांच्या थराला कोटा स्तर हे नाव मिळालं, आणि त्यातल्या माशांच्या जीवाश्मांचं वर्णन १८५१ सालीच लंडनमध्ये छापून आलं. याच भागात पोचमपल्लीजवळ कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी १९६१मध्ये एका प्रचंड डायनासोरची हाडं उकरायला सुरुवात केली. ते रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष, म्हणून १९७५मध्ये नाव ठेवताना प्राण्याला बारापासॉरस टागोराय म्हटलं. किमान सहा प्राण्यांची मिळून सुमारे ३०० हाडं निघाली. त्यांतून उभारलेला सांगाडा कोलकात्यात आहे. आमची मुलं तिथं कधी जातील कोण जाणे. पण त्याच्या मांडीचं हाड १.७ मीटर होतं, आणि तेवढी सुतळी शाळेतल्या सगळ्यात उंच पोरापेक्षा लांब भरते. १४ मीटरची वाळूवर ताणली की मुलं तिच्याकडेनं ओळीत आडवी होतात, डोक्याला पाय लावून, आणि किती पोरांचा एक डायनासोर होतो ते स्वतः मोजतात. तो याच खोऱ्यात चालत होता, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी. कोटीचा आकडा त्यांना कळत नाही, मलाही तो नीट कळत नाही. लांबी मात्र अंगाला कळते. वडधमला जाताना गोळा करायची पिशवी मी मुद्दाम नेत नाही. दगडाचं झाड हाताला लावून पाहायचं, सुतळीनं त्याचा घेर मोजायचा, खपलीसुद्धा उचलायची नाही. हातात पिशवी असली की ती भरावीशी वाटणारच, मग दर पावलाला ‘नको’.

अशाच कारणानं पक्ष्यांची चित्रपुस्तकं मी नेत नाही. महागडी दुर्बीण नेत नाही. नवा गणवेश घालून येऊ देत नाही. पुस्तक उघडलं की मुलांच्या नजरा टिटवीवरून चित्रावर येतात, आणि नाव सापडलं की पाहणं संपल्यासारखं होतं. पुस्तक संध्याकाळी वर्गात काढते. तोवर मुलांनी टिटवीचा आरडाओरडा ऐकलेला असतो आणि तो ऐकून आपण मागं का सरलो यावर त्यांचं बोलणंही झालेलं असतं. तिची अंडी उघड्यावर खड्यांमध्ये असतात आणि खड्यांसारखीच दिसतात, तेव्हा पाय कुठं पडेल याची काळजी आम्हीच घ्यायची. माझ्याकडे एक कोरी वही असते. ज्या झाडापाशी थांबलो त्याचं नाव ज्याच्या घरी जे म्हणतात ते तिच्यात उतरतं, तेलुगू, माडिया, मराठी, जसं येईल तसं.

कमी सामानाची ही वाट मराठीत जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम केलं. गुरं राखायला जाणाऱ्या वारली मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. मुलं जिथं, तिथं बाई जात. माँटेसोरीच्या महाग साधनांऐवजी खडे, बिया, पानं वापरत. थैला फार जड झाला की मला त्या आठवतात, आणि मी काहीतरी काढून ठेवते. २०२०च्या दप्तर धोरणानं मुलाच्या पाठीवरचं ओझं त्याच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत आणलं आणि पूर्वप्राथमिकला दप्तरच नको म्हटलं. रानातही मी तेच पाळते. मुलाच्या खांद्याला त्याची पाण्याची बाटली आणि गळ्यात शिट्टी, बस्स. हात रिकामे हवेत. पडताना सावरायला आणि दिसेल त्याला शिवायला.

काही ‘नको’ कुठल्याही वस्तूनं मिटत नाहीत, आणि म्हणूनच ते राखून ठेवायचे. दिवसभरात तीन-चारच ऐकले तर मूल ते मानतं. बिबा हा त्यातला एक. त्याचा वरचा पिवळा-केशरी भाग इथली पोरं आवडीनं खातात, खालच्या काळ्या बीचं तेल कातडी जाळतं. हे त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक असतं, त्यामुळे तो ‘नको’ मी सात वर्षांच्या ताईदादांकडे सोपवते. तरी साबण आणि खोबरेल तेल सोबत असतंच. खाजकुइलीसाठी रुंद चिकटपट्टी: चोळायचं नाही, पट्टी लावून कुसं उचलायची, मग धुवायचं.

सापासाठी थैल्यात औषध नसतं. एक लांब ओढणी आणि लाकडाची चपटी पट्टी असते, चावलेला हात-पाय हलू न देता आधाराला बांधायला. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावरचं एकच प्रतिविष असतं आणि ते रुग्णालयातच द्यायचं असतं. गडचिरोलीचं मोठं रुग्णालय इथून सुमारे २०० किलोमीटर. म्हणून फेरीची जागा मी रानाच्या देखणेपणावरून ठरवत नाही. सिरोंचाच्या ग्रामीण रुग्णालयापासून तिथवर गाडी किती वेळात पोहोचते ते आधी पाहते. तिथं मोबाइलला रेंज आहे का तेही पाहते, आणि निघण्याआधी वनरक्षकाला सांगून ठेवते. आलापल्लीचं जुनं सागवान, कोलामार्काचं रानम्हशींचं जंगल मला फार प्रिय आहे, पण ही मुलं मोठी होईपर्यंत ते थांबेल. डासांमुळे परतणंही उजेडीच.

राहिली नदी. प्राणहिता आणि गोदावरी इथं भेटतात, आणि वाळूवर खेळायला मिळणं हा या गावच्या मुलांचा हक्कच आहे. पण काठाचं जुनं ज्ञान आता पुरत नाही. २०१९मध्ये खाली मेडीगड्डा बॅरेज झालं, २०२३मध्ये त्याचे खांब खचले. कुठं पाणी चढतं आणि कुठल्या वाळूखाली खड्डा पडलाय ते दरवेळी आदल्या दिवशी मासेमाऱ्यांना विचारून, स्वतः चालून पाहावं लागतं. इथं नुसती शिट्टी पुरत नाही. इतर रानात सहा मुलांमागे एक मोठं माणूस मला चालतं. नदीवर तिघांमागे एक, आणि तेही पाण्याच्या बाजूला उभं राहणारं. मिरची तोडणीच्या दिवसांत आया-बाप शेतात असतात, तेवढी माणसं जमत नाहीत. मग मुलांना खरं कारण सांगते, आज मोठी माणसं कमी आहेत, नदी पुढच्या आठवड्यात, आणि भरलेला थैला घेऊन आम्ही शाळेमागच्या चिंचेखाली जातो. चादर, भिंगं आणि पुलिहोरा तिथंही लागतातच.