मोत्याची उडी

दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन माहेरी शेळगावला गेले. बारामतीहून इंदापूरकडे जाताना अंथुर्णे मागे पडलं की शेळगाव फाटा येतो. आषाढात तुकोबांची पालखी याच वाटेनं निमगाव केतकीला जाते. एका अंगाला कालव्याच्या पाण्यावरचा ऊस आणि कडबनवाडीच्या बाजूला उघडा गवताळ माळ. त्या माळावर चिंकारा आहेत, तसे लांडगेही.

यंदा मात्र माळावर जाण्याआधीच घरात रुसवेफुगवे सुरू झाले. आमच्या थोरल्यानं टीव्हीवर कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत पाहिली होती. लंडनच्या 'क्रफ्ट्स' प्रदर्शनात १९७८ साली, मधल्या वेळेत लोकांची करमणूक म्हणून हा खेळ प्रथम दाखवला गेला. आता तो जगभर चालतो. झालं! माझ्या भावाच्या मोत्याला उडी शिकवायची, असं यानं ठरवलं. दोन खुर्च्यांवर आडवी काठी, मोत्याच्या गळ्यात दोरी आणि दिवसभर "मार उडी!" चा आरडाओरडा. तिसऱ्या दिवशी मोत्या त्याची चाहूल लागताच बाजेखाली शिरू लागला. एरवी पायात पायात घोटाळणारा कुत्रा! पोराचे डोळे भरून आले.

शेजारच्या रानात धनगरांची मेंढरं बसली होती. लेंडीखतासाठी शेतकरी ती मुद्दाम बसवून घेतात आणि बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. चहाला आलेल्या म्हाताऱ्या धनगरमामांनी हा प्रकार पाहिला.

"बाळा, त्याला भ्या दावू नगं," ते म्हणाले. "भ्यालेलं कुत्रं लांडग्याम्होरं उभं ऱ्हात न्हाई. त्याला गंमत वाटाय पायजे."

त्यांनी दोरी सोडली आणि काठी चक्क जमिनीवर ठेवली. मुलाला पलीकडे बसवून हातात भाकरीचे बारीक तुकडे दिले. मोत्या काठी ओलांडून आला की लगेच तुकडा आणि पाठीवर हात. पाच वेळा झालं आणि मामांनी खेळ बंद केला.

"आत्ता तर जमायला लागलंय!" मुलगा कुरकुरला.

"म्हनूनच थांबायचं. त्याला उद्याची आस लागू दे."

दुसऱ्या दिवशी काठी एका विटेवर गेली, चौथ्या दिवशी दोन विटांवर. आईनं जुनी गोणपाटं शिवून बोगदा करून दिला. आधी आखूड, पलीकडचं तोंड दिसेल असा. आठवडाभरात मोत्याच सकाळी काठीपाशी जाऊन भुंकू लागला.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी कुत्रा असेल तर करून पाहा. मात्र भर उन्हात किंवा जेवण झाल्या झाल्या नको. वर्षाच्या आतल्या पिल्लाला उंच उड्या मारायला लावू नका, त्याचे सांधे कच्चे असतात. बक्षीस म्हणून कांदा-लसणाचं काही, मनुके किंवा चॉकलेट देऊ नका. कुत्र्याला ते विषासारखं.

एक गोष्ट मात्र माझी मलाच उमगली. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, पण घरी गणिताचं पुस्तक काढलं की माझा आवाज चढतो आणि थोरल्याला नेमकी तेव्हाच तहान लागते, पोटात दुखतं. त्याची बाज ती!

त्या संध्याकाळी मी मोठे भागाकार बाजूला ठेवले. पाच सोपी गणितं घातली, शाबासकी दिली आणि वही मिटली.

"एवढीच?" तो म्हणाला. "अजून दोन घाल ना, आई!"

मी वही फडताळात ठेवली आणि म्हटलं, "उद्या."