पडावावरचा नाताळ

दिवाळीच्या आठवणी आपण सगळेच लिहितो, वाचतो. आज मी नाताळाबद्दल लिहिते, कारण आमच्या घरी वर्षाचा मोठा सण तोच. पोस्ट जरा लांब झालीय, सावकाश वाचा.

मी राहते कडोदऱ्याला, सुरतजवळ. आमच्या चार रस्त्यावर उभं राहिलं की एक रस्ता मुंबईला जातो, एक अहमदाबादला, एक सुरत शहरात आणि एक बारडोली, व्यारा, सोनगड करत धुळ्याकडे. आपण खानदेशी माणसं बहुतेक या चौथ्या रस्त्यानेच इकडे आलो. कोणी लूमवर, कोणी प्रोसेस हाउसमध्ये, कोणी भाजीच्या गाडीवर. आम्ही मात्र ऊस तोडायला आलो होतो.

आमचं गाव नवापूर तालुक्यात, नंदुरबार जिल्हा. नवापूर म्हणजे ते स्टेशन, ज्याचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. आम्ही आदिवासी, घरची बोली मावची. शाळेत मराठी शिकलो, कामावर गुजराती, आणि प्रार्थनेत परत मराठी. लोक विचारतात, "तुम्ही आदिवासी, मग ख्रिश्चन कसे?" त्याचं उत्तर साधं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक खानदेशात आले. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले. चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल आमच्याकडे अजून सगळ्यांना माहीत आहे, मग माणूस कोणत्याही देवाचा असो. माझ्या पणजोबांच्या वेळेपासून आमचं घर प्रार्थनेला जातं. भावकीतली काही घरं जुन्या देवांना मानतात, काही येशूला. लग्नात, मयतीत, शेतावर सगळे एकच. जमात काही बदलत नाही.

मराठी प्रार्थनेचं म्हणाल तर आमच्या हातात असतं ते 'उपासना संगीत'. त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कितीतरी गाणी आहेत. टिळक कोकणातले ब्राह्मण, १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई त्यांच्या पत्नी, हे आपल्या इथल्या पुष्कळांनी शाळेत वाचलं असेल. टिळकांनी साहेबाच्या चालीऐवजी अभंग-भजनाची चाल ख्रिस्ती उपासनेत आणली. म्हणून आमच्या नाताळात टाळ वाजतात, पेटी वाजते, आणि शेजारच्या घरातल्या आजीबाईंना ते भजनच वाटतं. तशी ती भजनंच आहेत.

गावाकडचा नाताळ कसा असतो ते सांगते. डिसेंबरात आमच्याकडे भात कापून, झोडून घरात आलेलं असतं. तुरीला शेंगा भरलेल्या असतात. नवापूरची तूरडाळ आता भौगोलिक मानांकन मिळून नावाजली, पण आम्ही ती आधी शेंगांतच खातो, मीठ घालून उकडून, शेकोटीभोवती बसून. बायका आठ दिवस आधी घर सारवतात. करंज्या, शंकरपाळे, चिवडा, म्हणजे तुमच्या दिवाळीचाच फराळ. केक अलीकडे आला, तोही नवापूरच्या बेकरीतून.

चांदणी मात्र घरीच करायची. बांबूच्या कामट्या काढायच्या, सुतळीने बांधायच्या, वर पतंगाचा कागद खळीने चिकटवायचा. संक्रांत जवळ असते, त्यामुळे गुजरातच्या बाजूच्या कुठल्याही दुकानात तो कागद डिसेंबरात मिळतोच. मग उंच बांबूवर चांदणी बांधून अंगणात उभी करायची. आधी आत कंदील असायचा, आता बल्ब. ज्याची चांदणी उंच, त्याचा रुबाब मोठा.

२४ च्या रात्री पोरं ढोल घेऊन घरोघर गात फिरतात. प्रत्येक घरी चहा. मध्यरात्री प्रार्थना, आणि त्यानंतर हात धरून गोल नाच, पहाटेपर्यंत. २५ ला सकाळी उपासना. लोक देवापुढे नवं भात, तूर, भोपळा, अंडी, एखादी कोंबडी आणतात. उपासना झाली की त्याचा लिलाव. पंधरा रुपयांचा भोपळा दोनशेला जातो, आणि तो घेणारा भोपळा परत कोणा म्हातारीच्या ओटीत टाकतो. मग पंगत. डाळ, भात, मटण. जुन्या देवाला मानणारी भावकीही पंगतीला असते. बरेचदा चुलीवरचे मोठे हंडे तेच सांभाळतात, कारण त्यांना उपासनेला बसायचं नसतं!

हे सगळं मी इतकं छान सांगते, पण लहानपणी हे मी फार कमी पाहिलं.

कारण ऊस. दक्षिण गुजरातेत बारडोली, चलथाण, मढी या पट्ट्यात सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि तोडणीला माणसं लागली ती खानदेशातून आणि डांगातून. यान ब्रेमन नावाच्या डच अभ्यासकाने १९७० च्या दशकात या तोड्यांवर लिहिलं, ते जगभर वाचलं गेलं. आमच्या घरी कोणी वाचलं नाही, आम्ही ते जगत होतो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम उचल देतो. दिवाळीनंतर ट्रक येतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसाला माणूस म्हणून मोजत नाहीत, कोयता म्हणून मोजतात. नवरा तोडतो, बायको साळते आणि मोळी बांधते. उसाचे वाढे विकून मीठ-मिरची. उचल, खावटी आणि तिचं व्याज शेवटच्या हिशेबात कापून जातं.

आणि कारखाना नाताळाला थांबत नाही. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं, साखर उतरते. म्हणून गाळप सुरू झालं की तोडणी रोजची. ऐन सणाच्या दिवसांत आमचे आईबाप शेताच्या कडेला, पडावावर. चार कामट्या वाकवायच्या, त्यावर पाचट नाहीतर प्लास्टिक, तेच घर. मी आणि माझी भावंडंही तिथेच.

पण मंडळी, पडावावरही नाताळ व्हायचा. बाबा दिवसभर तोडून यायचे आणि रात्री कामट्या काढायला बसायचे. बांबू कमी पडला तर उसाच्या टिपऱ्याला चांदणी बांधायचे. आत एक बाटलीचा दिवा. पाच-सहा झोपड्या आमच्या लोकांच्या असायच्या, त्या एका ठिकाणी जमायच्या. ढोल नसला की डबा. कोणी मावचीत गायचं, कोणी 'उपासना संगीत'मधलं, ज्याला जेवढं पाठ तेवढं. पहाटे ट्रक भरायचा असायचा, म्हणून नाच लवकर आटपायचा. गोडधोड म्हणजे उसाच्या रसात शिजवलेला भात. त्याची चव मला अजून कुठल्या केकला आली नाही.

१९८३ सालची गोष्ट. मी नऊ वर्षांची. माझा धाकटा भाऊ पडावावरच जन्मला, नाताळाच्या चार दिवस आधी. आई आदल्या दिवसापर्यंत मोळ्या बांधत होती. २४ च्या रात्री शिकलेल्या एका काकांनी लूकच्या शुभवर्तमानातली गोष्ट वाचली. सरकारने नावनोंदणीचा हुकूम काढला, म्हणून गरोदर बायकोला घेऊन एक सुतार परगावी निघाला, उतरायला जागा मिळाली नाही, आणि बाळाला गव्हाणीत निजवावं लागलं. शहरातल्या चर्चमध्ये ही गोष्ट पुठ्ठ्याचा गोठा करून दाखवतात. आमच्याकडे दाखवायची गरज नव्हती. आई बाळाला छातीशी धरून पाचटावर बसली होती, बाजूला बैल रवंथ करत होते. कोणी काही बोललं नाही. आजीने फक्त आईच्या अंगावर आपली घोंगडी टाकली.

पुढे मी मिशनच्या वसतिगृहात शिकले. लग्न होऊन १९९५ मध्ये कडोदऱ्याला आले. मालक प्रोसेस हाउसमध्ये होते, आता रिटायर. नाताळाला त्यांना सुटी नसायची, नाइट करून सकाळी चलथाणहून गाडी पकडून आम्ही नवापूर गाठायचो. सासूबाई म्हणायच्या, "दिवाळीला नाही आलात तरी चालेल, नाताळाला घराला कुलूप दिसता कामा नये." त्या २०१९ मध्ये गेल्या. आता चांदणी आम्ही जाऊन लावतो तेव्हाच लागते.

आमचा मुलगा म्हणतो, "मम्मी, सुरतेत मोठं चर्च आहे, मॉलमध्ये एवढं मोठं झाड लावतात, कशाला दरवर्षी गावाला?" त्याचंही खोटं नाही. त्याचं मराठी आता निम्मं गुजराती, आणि मावची तर त्याला फक्त समजते. मी त्याला भाषण देत नाही. २४ ला संध्याकाळी गाडीत फराळाचे डबे, तांदूळ, स्वेटर भरते आणि त्याला म्हणते, "चल, आधी पडावावर जाऊन येऊ, मग गाव."

कारण पडाव संपलेले नाहीत. कडोदऱ्याच्या बाहेर पाच-दहा किलोमीटर गेलं की आजही आहेत. गेल्या वर्षी त्यातल्या एका पडावावर माझा चुलतभाऊ आणि वहिनी होते. सोबत त्यांची तेरा वर्षांची मुलगी. आश्रमशाळेत सातवीत होती, धाकट्याला सांभाळायला म्हणून आणलेली. त्या रात्री वाचायला कोणीच नव्हतं, तेव्हा दादाने तिच्या हातात पुस्तक दिलं. मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात तिने तीच गव्हाणीची गोष्ट वाचली. कुठे अडखळली नाही. माझा मुलगा मागे उभा होता, तो खाली बसला.

परतताना मी दादाला म्हटलं, "हिला माझ्याकडे राहू दे, जानेवारीत शाळेत मी सोडते." तो म्हणाला, "उचल फिटायची आहे, आणि लहान्याला कोण बघेल?" वहिनी काही बोलली नाही, पण डबे घेताना तिने माझा हात बराच वेळ सोडला नाही. चार दिवसांनी तिचाच फोन आला, "या आणि घेऊन जा." पोरगी आठ दिवस आमच्याकडे राहिली आणि शाळा उघडली तशी माझा मुलगाच तिला सोडून आला. लहानग्याला मग वहिनीने पाठीशी बांधून तोडणी केली. हे मला विसरता येत नाही. एकाची शाळा सुटली नाही, त्याची किंमत दुसऱ्याच्या पाठीने दिली.

यंदा दादा परत येणार आहे, कोयता ठरलाय. मुलगी आठवीत आहे आणि आश्रमशाळेतच राहणार, असं सध्या तरी म्हणतोय. लहान्याला हंगामभर माझ्याकडे ठेवायचं मी आणि मालकांनी नक्की केलंय. पतंगाचा कागद आणून ठेवलाय, लाल आणि पिवळा. कामट्या काढायला मुलगा शिकतोय, बोटं कापून घेतोय.

तुमच्यापैकी बारडोली, पलसाणा, कामरेजकडे राहणाऱ्यांच्या घराजवळ असा पडाव असेलच. तिथली माणसं आपल्याच जिल्ह्यांतली असतात, मराठी बोललात की लगेच ओळख देतात. कोणत्याही सणाला एक डबा घेऊन जाऊन बघा. आणि तिथे शाळेच्या वयाचं पोर दिसलं, तर त्याला कितवीत आहेस एवढं नक्की विचारा.

सगळ्यांना नाताळाच्या शुभेच्छा.