अठरा वेळा उत्तम क्षमा



यंदा क्षमावणीला मी त्रेचाळीस जणांची प्रत्येकी अठरा वेळा क्षमा मागितली. भाव दाटून आला होता असं नाही, मेलच्या प्रोग्रॅमने मागायला लावली.

दशलक्षण पर्व संपलं की सगळ्यांना मिळून एकच मेल टाकायचा, हा माझा जुना शिरस्ता. फोनवर टाइप करणं डोळ्यांना झेपत नाही. मुलगा हसतो, पण मला आमचा हॉलमधला डेस्कटॉपच बरा. मजकूर दरवर्षीचाच, 'कळत-नकळत मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.' यंदा हौसेने मंदिरातल्या मूर्तीचा साडेसात एमबीचा फोटो जोडला, साडेआठला सेंड दाबलं आणि अभिषेकाला गेले.

सव्वाअकराला घरी येते तर नणंदेचा फोन. "वहिनी, आधी तो कॉम्प्युटर बंद करा. दर दहा मिनिटांनी तुमचा मेल येतोय."

मी पाहिलं. सेंट फोल्डरमध्ये त्या दिवसाचं काहीच नव्हतं. मेल आउटबॉक्समध्येच पडून. मी ठासून सांगितलं, "अगं, माझ्याकडून अजून गेलाच नाहीये!"

"मग इथे सतरा आलेत ते कुणाचे?" बोलता बोलता अठरावा पोचला.

बी.कॉम.ला बँक रिकन्सिलिएशन शिकले होते. आपल्या कॅशबुकात नोंद नसते, पण बँकेच्या पासबुकात असते. हे तसंच होतं. आपण मेल पाठवला की पलीकडचा सर्व्हर 'मिळाला' अशी पोच देतो. ती आली की प्रोग्रॅम मेल आउटबॉक्समधून सेंटमध्ये हलवतो. पोच ठरल्या वेळेत आली नाही, तर त्याच्या हिशेबी मेल गेलाच नाही. मग दहा मिनिटांनी पुन्हा पाठवणी.

पोच का येत नव्हती, ते शोधायला दुपार गेली. आधी आउटबॉक्समधला मेल काढायला गेले, तर निघेना. जात असलेला मेल प्रोग्रॅम हलवू देत नाही. 'वर्क ऑफलाइन' केलं, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला, तेव्हा कुठे तो ड्राफ्ट्समध्ये ओढता आला. (तुमच्यावर ही वेळ आली तर पहिलं काम हेच करा, कारणं नंतर शोधा.) मग ब्राउझरमधून खातं उघडलं, तिथे सगळं ठीक. म्हणजे दोष खात्यात नाही, घरच्या कॉम्प्युटरात. मग ऑनलाइन येऊन स्वतःलाच दोन ओळींचा मेल टाकला. एकदाच आला, सेंटमध्येही दिसला. म्हणजे गोम फोटोत. जोडलेली फाइल मेलमधून जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे साडेसातचे दहा एमबी झाले होते. त्यात अँटिव्हायरस जाणारा प्रत्येक मेल मध्येच अडवून तपासत होता, आणि सर्व्हरची वाट पाहायची मुदत होती एक मिनिट. मी अँटिव्हायरसमधली फक्त जाणाऱ्या मेलची तपासणी बंद केली, बाकीचं संरक्षण तसंच ठेवलं. मुदत पाच मिनिटं केली. फोटो लहान करून नणंदेला पाठवला. एकदाच पोचला.

संध्याकाळी इचलकरंजीहून अक्कांचा फोन आला. माझ्या थोरल्या जाऊबाई. चार वर्षांत त्यांनी आपणहून केलेला पहिलाच.

"टॅब दिवसभर टिंगटिंग करतोय. अठरा वेळा क्षमा मागितलीस गं, पण कशाची ते एकदाही लिहिलं नाहीस."

सासूबाई गेल्या तेव्हा दवाखान्याच्या खर्चाचा हिशेब माझ्याकडे होता. घरात पाहुणे असताना मी तो मोठ्याने वाचला आणि अक्कांच्या वाट्याचे आठ हजार कमी आहेत, असं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. रात्रपाळीच्या बाईला त्या महिनाभर रोखीने पैसे देत होत्या, हे मला पुढे त्या बाईकडूनच कळलं. माझ्या वहीत नोंद नव्हती, म्हणून मी दिलेच नाहीत असं धरलं होतं. कळून तीन वर्षं झाली. दरवर्षी मेल मात्र तोच, त्रेचाळीस जणांच्या यादीत त्यांचंही नाव घालून.

फोनवर मला बोलता येईना. "उद्या येते," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सांगलीहून एस.टी.ने गेले. ती जुनी वही बरोबर नेली, आणि अक्कांच्या समोर बसून राहिलेली नोंद लिहिली, तारखेसकट. त्यांनी चष्मा लावून वाचली. मग म्हणाल्या, "आठ नव्हेत, साडेआठ हजार होते." मी खोडून साडेआठ केले.

"दिवस मावळायच्या आत जेवून घे," म्हणत त्या पानं घ्यायला उठल्या.