काक्षीच्या भेटीला म्हैसमाळला

पौष अमावस्येच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही छत्रपती संभाजीनगर सोडलं. गाडी भाचा चालवत होता. मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेला, ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर, ट्रायपॉड, जुना डीएसएलआर आणि ५० मिलिमीटरची लेन्स. फेब्रुवारी २०२० मध्ये हे सगळं कपाटात ठेवलं होतं. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली, मग आईचं आजारपण आलं, आणि पाच हिवाळे मृग माझ्या गच्चीवरून नुसताच सरकत गेला.

माझा शेवटचा फोटो त्या मृगाचाच होता. हरणाच्या चार पायांपैकी एक म्हणजे तांबूस काक्षी. एरवी त्याची प्रत साधारण ०.५ असते (आकडा मोठा, तितका तारा मंद), त्या फेब्रुवारीत ती १.६ च्या आसपास घसरली होती. हा तारा आता फुटणार, अशी तेव्हा चर्चा होती. ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू थंड होऊन त्याची धूळ झाली आणि त्या धुळीने त्याला झाकलं, असा उलगडा खगोलशास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये केला. फोटोतला काक्षी मात्र माझ्यापाशी तसाच मंद राहून गेला होता.

देवगिरी मागे पडला. घाट चढल्यावर खुलताबादला चहा घेतला आणि म्हैसमाळचा रस्ता धरला. गिरिजादेवीला नमस्कार करून पठाराच्या उत्तर कडेला, गवतात सतरंजी अंथरली तेव्हा अंधारत आलं होतं.

आग्नेयेकडे पाहिलं आणि जीव खट्टू झाला. शहराचा उजेड पूर्वी केशरी दिसायचा, आता पांढरा दिसत होता, आणि आभाळात कितीतरी वर चढला होता. सोडियमच्या दिव्यांचा उजेड एका अरुंद पिवळ्या पट्ट्यात असे. तेवढाच गाळणारा फिल्टर मी तेव्हा पैसे साठवून घेतला होता. एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला, तो गाळायला गेलं तर तारेही गाळले जातात. फिल्टर डबीतच राहिला. आपण अंधार गमावतोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे लावणं हे खरं काम. सप्तर्षी उगवायचे होते, म्हणून शर्मिष्ठेवरून ध्रुव शोधला. आपल्या अक्षांशावर तो क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर असतो, त्यामुळे ध्रुवदुर्बिणीत डोकवायला जवळजवळ जमिनीवर झोपावं लागतं. माझी मान तेवढी वळेना.

‘‘मामा, सरका. मी बघतो,’’ म्हणून भाचा गवतात आडवा झाला. मी स्क्रू फिरवत होतो, तो सांगत होता, ‘‘थोडं डावीकडे... अजून... बास.’’

नऊ वाजता पहिलं एक्स्पोजर सुरू केलं. दोन मिनिटं. ट्रॅकर नसता तर दहा सेकंदांतच ताऱ्यांच्या रेघा उमटू लागल्या असत्या. शटर मिटलं, पडदा उजळला. तारे टिंबासारखे. चार पायांच्या मध्ये मृगाच्या तेजोमेघाचा गुलाबी ठिपका. तो उजेड सुमारे १,३५० वर्षं चालत आलेला. आणि काक्षी! शेजारच्या पायाहून ठळक, तांबडा, भरलेला. मी मोबाइलवर जुना फोटो काढून शेजारी धरला. भाचा बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत राहिला.

एकावर एक रचायला अशा चाळीस फ्रेम घेतल्या. मग लेन्सला झाकण लावून पुन्हा शटर दाबलं.

‘‘झाकण लावून फोटो?’’

‘‘कॅमेऱ्याच्या स्वतःच्या खरखरीचा. नंतर तो वजा करायचा.’’

अशा वीस फ्रेम, म्हणजे चाळीस मिनिटं कॅमेऱ्याला आभाळ नको होतं. आम्ही सतरंजीवर उताणे पडलो. मिथुनेत गुरू लखलखत होता. ईशान्येला सप्तर्षी डोंगरामागून वर येत होते. मरीची तेवढा यायचा होता.