नदीची वही

दिवाळीला पुण्याहून आलेल्या माझ्या पुतण्याच्या मुलीने पहिल्याच दिवशी मला एक वही दाखविली. पुठ्ठ्यावर पाण्याचे डाग होते आणि आत त्रिशूली नदीच्या रुंदीचे, खोलीचे व वेगाचे आकडे होते. तिच्या शाळेने यंदा मुलांची सहल नेपाळला नेली होती. सकाळी नदीचा अभ्यास आणि दुपारी त्याच नदीत रबरी तराफ्यावरून साहस, असा तेथील दिनक्रम. आमच्या वेळी सहल म्हणजे औंढ्याचे देऊळ, पुरीभाजी आणि परततांना भेंड्या. तेव्हा ही अभ्यासाच्या नावाखाली चैन आहे, असा शेरा मी मनातल्या मनात मारून ठेवला. शिक्षकाची ही जुनी खोड आहे. तो आधी शेरा मारतो आणि मग वही वाचतो.

वही वाचीत गेलो तसा तो शेरा मला मागे घ्यावा लागला. त्रिशूली तिबेटात उगम पावते, देवघाटाला काली गंडकीला मिळते आणि पुढे नारायणी व गंडक अशी नावे घेत हाजीपूरपाशी गंगेत जाते, एवढे भूगोलाच्या पुस्तकातही सापडते. परंतु वहीत निराळेच काही होते. पाण्यातला दगड उलटून त्याच्या पोटाला कोणते किडे चिकटले आहेत ते पाहायचे; काही जातींचे किडे निर्मळ पाण्यावाचून जगतच नाहीत. गोट्यांच्या कडा किती झिजल्या आहेत ते हाताने चाचपून लिहायचे. आणि पानाच्या तळाशी तिने आपल्या मनानेच लिहिले होते : ‘दुपारी याच पाण्याने आमचा तराफा गरकन फिरवला, तेव्हा सकाळचा आकडा खरा कळला.’ हे वाक्य मी दोनदा वाचले.

आमच्या देवघरातला शाळिग्राम पाहून तिने तो काली गंडकीतला असणार हे लगेच सांगितले. आज हिमालय आहे तेथे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता, त्यातल्या अमोनाइट नावाच्या प्राण्याच्या शिंपल्याचा हा ठसा, असेही सांगितले. माझ्या पत्नीने ते सारे लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि नेहमीप्रमाणे शाळिग्रामावर तुळशीपत्र ठेवले. दोघींपैकी कोणालाही त्यात काही विसंगत वाटले नाही.

“आजोबा, आपल्या नदीची अशी वही कुणी केली आहे का?” तिने विचारले.

हा प्रश्न तिने चुकीच्या माणसाला विचारला होता. तीस वर्षे मी वर्डस्वर्थ शिकवीत आलो आहे. वाय नदीकाठची त्याची १७९८ ची कविता, डडन नदीवरची १८२० ची सुनीते, ही सर्व मी वर्गात रंगून सांगतो. त्या नद्या मी पाहिलेल्या नाहीत. आणि जी गोदावरी आम्हा परभणीकरांच्या तोंडी नुसती ‘गंगा’ असते, तिच्यात मी तीर्थाच्या ओंजळीपलीकडे कधी हात घातलेला नाही. मी बारा वर्षांचा असतांना माझ्या बाकावरचा मुलगा तिच्या डोहात बुडाला. तिसऱ्या दिवशी तो सापडला. आईने त्याच संध्याकाळी मला शपथ घातली, आणि ती मी इतकी पाळली की पोहायलाही शिकलो नाही. पुढे, सुमारे दहा वर्षांपूर्वी, काही विद्यार्थ्यांनी गंगाकाठाने चार दिवस पायी जाण्याचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. वाळू उपसलेल्या खड्ड्यांचे कारण लिहून मी तो नामंजूर केला. कारण खोटे नव्हते. ओळखीच्या पात्रात न दिसणारे असे खड्डे आजही माणसे गिळतात. पण सही करणारा हात बारा वर्षांच्या मुलाचा होता, हे मला त्या वेळीही ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी परळीच्या गाडीने आम्ही गंगाखेडला निघालो. पूल आला तशी डब्यातली माणसे हात जोडू लागली. एका आजीबाईंनी नाणे टाकले. मुलीने हात जोडले आणि लगेच पाण्याचा रंग वहीत टिपला. जनाबाईच्या या गावी घाटावर बसून मी तिला मला ठाऊक होते तेवढे सांगितले. त्रिशूलीला उन्हाळ्यात हिमाचे पाणी मिळते. आपली नदी मात्र पावसावर जगते. ब्रह्मगिरीवर निघून १४६५ किलोमीटर चालणाऱ्या या नदीचे येथले पाणी पैठणच्या जायकवाडी धरणापासून, म्हणजे १९७६ पासून, पुष्कळसे दरवाज्यांच्या मर्जीवर आहे. वैशाखात येथे वाळू चमकते, आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये तेच दरवाजे उघडले तेव्हा गंगथडीची किती तरी गावे पाण्यात गेली.

तिने काठावर दहा मीटर मोजून दोन खुणा केल्या आणि वरच्या खुणेपाशी एक संत्रे सोडले. घड्याळ माझ्या हाती होते. चाळीस सेकंद, मग अडतीस, मग बेचाळीस. “सरासरी चाळीस,” ती म्हणाली, “म्हणजे सेकंदाला पाव मीटर. पण तळाशी पाणी घासत जातं, म्हणून ०.८५ ने गुणायचं.” आता खोलीचा रकाना राहिला होता. त्यासाठी कोणीतरी काठी घेऊन पाण्यात उभे राहणे अवश्य होते, आणि घाटावर आम्ही दोघेच होतो. मी धोतर वर खोचले. तिने दोरी माझ्या कमरेला बांधली, दुसरे टोक घाटावरच्या खांबाला दोन वेढे देऊन हाती धरले आणि काठीने तळ चाचपल्याखेरीज पाऊल टाकू नका, अशी मला ताकीद दिली. पाणी अपेक्षेपेक्षा गार होते. पायाखालची वाळू हळूहळू सरकत होती. ती अशी सरकते हे मला कोणी सांगितले नव्हते. चौथ्या पावलानंतर मला वाटले, अजून दोन पावले सहज जाता येईल.

“बस, आजोबा! जॅकेटावाचून गुडघ्याच्या पुढे जायचं नाही, असा आमच्या सरांचा नियम आहे.”

मी थांबलो. काठीवरची खूण तिला ओरडून सांगितली, पण पुलावरून गाडी चालली होती आणि तिला आकडा ऐकू गेला नाही. तिने मान वर करून एकवार माझ्याकडे पाहिले आणि वहीत लिहिले : ‘खोली : आजोबांच्या गुडघ्यापर्यंत.’