पहनून

झाशीच्या लक्ष्मी गेटाच्या आत माझ्या आत्याचे घर होते. १९८४ सालच्या डिसेंबरात प्रबंधाच्या निमित्ताने मी तिच्याकडे तीन आठवडे राहिलो. विषय होता विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. वरसईचा हा भिक्षुक १८५८ च्या वेढ्यात झाशीत अडकला होता. त्याने पाहिलेले शहर मला पायांखाली घालायचे होते. रोज सकाळी वही घेऊन मी गेटाबाहेर पडे आणि लक्ष्मी तलाव, महालक्ष्मीचे देऊळ, गंगाधररावांची समाधी असा फिरे.

थंडी कडाक्याची होती. आत्याच्या यजमानांनी कानपूरहून माझ्यासाठी कातडी जाकीट आणले. ते इतके ताठ, की कोपर वाकवून टिपण करणे अवघड होई आणि कॉलर मानेला काचे. उतावळेपणाने मी त्याला स्वयंपाकघरातले मोहरीचे तेल चोळले आणि ते दिवसभर गच्चीवर उन्हात टाकले. संध्याकाळी पाहतो तो उजव्या बाहीवर काळा डाग, आणि बाकीचे कातडे पहिल्याहून कडक.

आत्या म्हणाली, “तेलानं नाही रे होत. हे पहनूनच नरम होतं.”

“पहनून नव्हे, आत्या. घालून.”

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती माझ्याशी हिंदीत बोलू लागली. सोळाव्या वर्षी वाईहून आलेल्या त्या बाईने चाळीस वर्षे जी मराठी जपली, ती माझ्यासमोर तिने मिटून ठेवली.

तिचे म्हणणे खरे होते. कातडे म्हणजे परस्परांत गुंतलेले तंतू. कमावताना त्यांत स्निग्ध द्रव्य मुरवतात, म्हणून ते एकमेकांवरून सरकतात. कडक उन्हात कातडे सुकून आखडते. वरून ओतलेले तेल एकाच जागी मुरून डाग पाडते. कोपराशी, खांद्याशी रोज थोडे थोडे वाकत गेले, म्हणजे तंतू मोकळे होतात. त्याला हिवाळे लागतात. मला दोन लागले.

त्याच प्रबंधात मी चिंतामणराव वैद्यांना धारेवर धरले होते. १९०७ साली विष्णुभटांचे लेखन प्रसिद्ध करताना त्यांनी मूळ मजकुरात फेरफार केले, हा माझा आक्षेप. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती मी प्रमाण मानली. भिक्षुकाच्या बोलीला कोणी हात लावू नये, असे मी आवेशाने लिहिले. आणि ते लिहिले आत्याच्याच माजघरात बसून. परीक्षकांनी त्या प्रकरणाची वाखाणणी केली.

१९९१ च्या हिवाळ्यात पुन्हा झाशीला गेलो, तेव्हा अंगात तेच जाकीट होते. आत्याची दृष्टी अधू झाली होती. तिने बाही चाचपली, डागापाशी बोट थांबवले.

“पहनूनच झालं, आत्या,” मी म्हणालो.

ती हसली. उत्तर तिने हिंदीतच दिले.